बेल तिसरीकडेच वाजली

गिरगावातलं गिऱ्हाईक आधी ‘भिंतीला भोक पाडायचं नाही’ म्हणतं आणि मग ‘या आत’ म्हणतं. त्यांचंही चुकत नाही. जुन्या इमारती, जाडजूड भिंती, नुकताच काढलेला रंग. त्यावर आम्ही ड्रिल लावायचं आणि पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकून जायचं, हे कुणाला आवडेल? म्हणून पहिली मागणी ठरलेली असते : घरात आहेत त्याच वायरींवर करा.

आम्ही मूळचे केबलवाले. आधी नुसत्या टीव्हीच्या वायरी टाकल्या, मग त्याच जाड काळ्या वायरीवरून नेट दिलं, आता फायबर ओढतो. दारापर्यंत काचेचा धागा येतो, तो ओएनटी नावाच्या पांढऱ्या डब्यात शिरतो आणि तिथून टीव्ही, नेट, फोन असे तीन फाटे फुटतात. एकाच धाग्यात नेट आणि फोन 1490 नॅनोमीटरच्या प्रकाशावर खाली येतात, 1310 वर परत जातात, टीव्ही 1550 वर येतो. डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही. दारापर्यंतच्या धाग्याचा मला पूर्ण हिशोब ठाऊक असतो, कुठे जोड आहे, कुठे वळण आहे. दाराच्या आत मात्र मागच्या चाळीस-पन्नास वर्षांत ज्याने ज्याने जे जे जोडलं असेल ते सगळं माझ्या गळ्यात पडतं.

ही काकूंची गोष्ट मुगभाटाच्या बाजूच्या एका इमारतीतली. पागडीचं घर, सासऱ्यांच्या नावावरचं. पूर्वी सगळं एकच मोठं बिऱ्हाड होतं, मग दोन भावांत वाटण्या झाल्या. मधल्या दाराच्या जागी वीट आली. काकूंकडे हॉल, आतली खोली आणि टोकाचं स्वयंपाकघर राहिलं. मधली मोठी खोली आणि गॅलरीकडचा भाग धाकट्या दिरांकडे गेला. दोन्ही घरांची दारं एकाच पॅसेजमध्ये उघडतात, पण येणंजाणं नाही. हे मला काकूंनी सांगितलं नव्हतं. वायरीने सांगितलं.

काकूंना फोन तीन ठिकाणी हवा होता : हॉल, आतली खोली, स्वयंपाकघर. तिन्हीकडे जुन्या लँडलाईनचे चौकोनी रोझेट, म्हणजे फोनची पिन खुपसायच्या भिंतीवरच्या डब्या, होतेच. लाईन बंद पडून बरीच वर्षं झालेली. पावसात मेली ती मेलीच, शेवटी नंबर परत करून टाकला. आतल्या खोल्यांत मोबाईलला रेंज नाही म्हणून पुन्हा घरचा फोन हवा झाला.

‘नंबर जुनाच मिळेल ना रे?’

नाही मिळत. मोबाईलचा नंबर एका कंपनीतून दुसरीकडे नेता येतो, लँडलाईनला आपल्याकडे ती सोय नाही. 022 तेवढा तोच, पुढचे आठ आकडे नवे. काकूंना ते पटलं नाही. त्या नंबरावर म्हणे पुण्यापासून सावंतवाडीपर्यंतचे नातेवाईक फोन करत. मी म्हटलं, आता नातेवाईकांना नवा कळवा, आणि तुम्ही मोबाईलला लावताना आधी शून्य दाबा. हा नियम 15 जानेवारी 2021 पासूनचा, पण लँडलाईन सोडलेल्या माणसांना तो ठाऊक नसतो आणि ‘फोन लागतच नाही’ अशी तक्रार पहिल्याच संध्याकाळी येते.

धाग्यातून येणारा प्रकाश मोजायच्या पॉवर मीटरवर उणे 21 आलं. उणे 27 च्या आसपास गेलं की ओएनटीचा लाल दिवा पेटायच्या बेतात येतो, त्या मानाने उत्तम. टीव्हीचं कामही पटकन उरकलं. सोफ्यामागे एका वायरीचे फाटे करणारा चार तोंडांचा जुना स्प्लिटर होता, त्यातली दोन तोंडं उघडी, गंजलेली. घरात टीव्ही दोनच. चार तोंडांचा स्प्लिटर सात-एक डीबी सिग्नल खातो, दोन तोंडांचा साडेतीनच्या आसपास. बदलला, नवे कनेक्टर दाबले, चित्र काचेसारखं स्वच्छ. उरला फोन.

जुन्या टेलिफोनच्या तारांवर नवा फोन चढवायचा तर पहिलं काम जोडण्याचं नाही, तोडण्याचं. बाहेरून येणारी सरकारी काळी वायर घराच्या वायरीपासून वेगळी केल्याशिवाय ओएनटीचं फोनचं पोर्ट लावायचं नाही. लाईन बंद असली तरी एखाद्या ठिकाणी एक्स्चेंजचे 48 व्होल्ट तारेवर अजून बसलेले असतात. आमच्याच एका नवख्या पोराने तसंच जोडलं आणि पोर्ट जाळलं; कंपनीने डब्याचे पैसे त्याच्या पगारातून कापले, जे मला अजूनही बरोबर वाटत नाही. इथे दाराच्या वरच्या डीपीत, म्हणजे बाहेरची वायर घराच्या वायरीला जोडतात त्या डब्यात, व्होल्ट मोजायचा मीटर लावला तर काहीच नव्हतं. तरीही तारा कापल्या, टोकांना टेप गुंडाळली. मग घराच्या निळ्या-पांढऱ्या जोडीवर मीटर धरला. शॉर्ट नाही, व्होल्टेज नाही, सगळं मोकळं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. रिसीव्हर जागेवर ठेवलेला फोन मीटरला दिसतच नाही. मीटर डीसीवर मोजतो, आणि बेलच्या वाटेवर कपॅसिटर असतो, तो डीसीला अडवतो. फक्त बेलचा एसी त्यातून जातो. म्हणजे लाईनवर दोन फोन असोत की चार, सगळे ठेवलेले असले तर मीटरला जोडी मोकळीच वाटते.

हॉलमधल्या रोझेटमधून जोडी भरली. हॉलमध्ये डायल टोन. आतल्या खोलीत डायल टोन. स्वयंपाकघरातसुद्धा. माझा हेल्पर खूष, एकही पट्टी न ठोकता काम झालं. स्वयंपाकघरात लावायला तिसरा फोन काकू दुसऱ्या दिवशी आणणार होत्या, तेव्हा दोनच फोन जोडलेले. शेवटची चाचणी बेलची. माझ्या मोबाईलवरून नवा नंबर लावला.

हॉलमधला वाजला. आतला वाजला. आणि एक बारीक, जुन्या वळणाची ट्रिंग ट्रिंग देवघराच्या भिंतीतून आली. हेल्परने माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात बेल थांबली आणि माझ्या मोबाईलवर एक पुरुषी आवाज आला, ‘हॅलो, कोण बोलतंय?’

मी उत्तर द्यायच्या आत काकूंनी हौसेने हॉलमधला रिसीव्हर उचलला होता. त्यांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

‘भाऊजी?’

तिकडे क्षणभर काही नाही. मग, ‘वहिनी? आमच्या घरात तुमचा फोन कसा वाजतोय?’

‘ते मी तुम्हाला विचारायचं!’

मी मोबाईल कट केला, पण उपयोग काय? दोन्हीकडचे रिसीव्हर उचललेले. पॅरलल, म्हणजे एकाच जोडीवरच्या, फोनवर समोरचा गेला तरी घरातल्या घरात बोलणं चालू राहतं. पुढचं मला ऐकावं लागलं, निदान काकूंच्या बाजूचं. फोन मामंजींच्या नावावर होता, वाटणीत तो आमच्याकडे आला, तुमच्याकडचं कनेक्शन कापायचं ठरलं होतं, कापलं नाहीत, म्हणजे इतकी वर्षं आमचं सगळं बोलणं ऐकत होता. मग रिसीव्हर आपटून त्या माझ्याकडे वळल्या. ‘तरीच! आमच्या मुलीचं स्थळ मोडलं ते यांना आमच्याआधी कळलं होतं!’

फोन बसवायला आलेल्या माणसाने यावर काय बोलावं? मी टोनर काढला. एका टोकाला तारेवर आवाज सोडायचा, दुसऱ्या हातातल्या काडीने भिंतीवरून तो हुंगत जायचं. हॉलमधून निघालेली जोडी सरळ स्वयंपाकघरात जातच नव्हती. लाकडी पट्टीतून देवघरापर्यंत, तिथून नव्या विटांच्या भिंतीत, आणि मग थेट स्वयंपाकघरात उगवत होती. मधला तुकडा दिरांच्या खोलीत. घर एक असताना ज्याने वायर टाकली त्याने जवळची वाट धरली. वाटणी झाली तेव्हा गवंड्याने वायरीभोवती वीट रचली.

‘कापून टाक,’ काकू म्हणाल्या.

‘कापतो. पण मग स्वयंपाकघरातला फोन गेला.’

‘मग?’

‘मग एकतर नवी वायर, पॅसेजमधून वळसा घालून, दोन भोकं. नाहीतर त्यांच्या खोलीत जाऊन त्यांचा रोझेट काढायचा आणि तारा सरळ जोडून द्यायच्या.’

भोक की भाऊजी? काकूंनी रंगवलेल्या भिंतीकडे बघितलं. ‘तू जा. मी नाही यायची.’

दिरांनी दार उघडलं ते तयारीनेच. साठीच्या पुढचे गृहस्थ, बनियन, हातात चष्मा. ‘या मिस्तरी. बघा तुम्हीच.’ त्यांच्या खोलीत रोझेट होता कपाटामागे. कपाट सागवानी, जिवावर आलं, पण आम्ही दोघांनी ढकललं. मागे फिक्कट हिरव्या रंगाची भिंत आणि त्याच हिरव्या रंगाने माखलेला रोझेट. रंगाऱ्याने ब्रश फिरवताना तो काढायची तसदी घेतली नव्हती; पिनेच्या भोकावरसुद्धा रंगाचा पापुद्रा चढला होता. तो पापुद्रा पिन घुसवून फोडलेला, कडा ताज्या, आतून पांढऱ्या, आणि खाली जमिनीवर दोन हिरवे कपचे पडलेले. बाकी सगळीकडे धुळीचा जाड थर, तिथे मात्र कुणाची तरी लहान बोटं फिरलेली.

‘हा फोन कधी लावलात काका?’

‘मी कशाला लावतोय? नातवाने माळ्यावरून काढला. शाळेत काहीतरी जुन्या वस्तूंचं प्रदर्शन आहे. परवा हात घालून खुपसला असेल मागे.’

दहा-बारा वर्षांचा नातू दारात उभा राहून सगळं ऐकत होता. त्याने मान हलवली. पिन बसत नव्हती म्हणून स्क्रू-ड्रायव्हरने टोकरलं, असंही त्याने आपणहून सांगितलं. रंग कधी काढला होता? वाटणी झाली त्याच वर्षी. म्हणजे त्यानंतर त्या रोझेटमध्ये कुणीच काही लावलेलं नव्हतं.

पॅसेजमध्ये येऊन मी काकूंना हे सांगितलं. माझं काम नव्हतं ते, पण दुसरं कोण सांगणार होतं? त्या म्हणाल्या, तो त्यांच्याच घरचा मुलगा, त्यांचीच बाजू घेणार. मग मी वेगळं विचारलं. जुन्या फोनवर बोलताना मध्येच कट् असा आवाज होऊन समोरच्याचं बोलणं बारीक व्हायचं का? कारण लाईनवर दुसऱ्याने रिसीव्हर उचलला की करंट दोघांत वाटला जातो, आवाज पडतो. कितीही हळू उचलला तरी. काकू आठवत राहिल्या. आतल्या खोलीतून सासूबाई उचलायच्या तेव्हा व्हायचं तसं, म्हणाल्या. त्या गेल्यावर नाही.

‘चल, बघू दे मला तो रोझेट,’ असं म्हणून त्या स्वतःच दिरांच्या उंबरठ्याच्या आत गेल्या, वाकल्या, पापुद्र्याला नख लावून बघितलं. दीर बाजूला उभे. कुणी कुणाशी बोललं नाही. नातवाने मात्र मला वाय-फायचा पासवर्ड विचारला.

मी रोझेट उतरवला, दोन्ही बाजूंच्या तारा जेलीच्या कनेक्टरमध्ये घालून पकडीने दाबल्या आणि जोड भिंतीशी चिकटवला. पुन्हा बेल लावली. यावेळी दोनच वाजले. ओएनटीला छोटा यूपीएस लावून घ्या, असं काकूंना बजावलं, कारण जुना फोन एक्स्चेंजच्या बॅटरीवर चालायचा, घरातली वीज गेली तरी त्याला फरक पडत नसे. हा डबा 12 व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतो. गिरगावात वीज कुठे जाते, असं त्या म्हणाल्या. 12 ऑक्टोबर 2020 ला अख्ख्या मुंबईची गेली होती, तेव्हा लिफ्टपासून लोकलपर्यंत सगळं अडकलं, त्याची आठवण करून दिली. यूपीएस घेतला नाही त्यांनी.

पुढे काही दिवसांनी त्याच पत्त्यावरची तक्रार माझ्या मोबाईलवर आली : स्वयंपाकघरातल्या फोनला खरखर. जेलीचा जोड सहसा दगा देत नाही, म्हणून नवल वाटलं. जाऊन टोनर लावला तर खोट मधल्या खोलीतच. दिरांनी दार उघडलं, कपाट आधीच पुढे ओढलेलं. माझा जोड कापून तिथे नवा कोरा रोझेट बसवला होता, तारा हाताने पिळून, एक स्क्रू सैल, आणि त्यात तो जुना फोन लावलेला.

काकू मागोमाग आल्या. मी बघितलं त्यांच्याकडे.

‘अरे, ते राहू दे. खरखर तेवढी काढ.’ मग जरा थांबून, ‘आणि काय रे, मी इकडून आकडा फिरवला तर तिकडची बेल वाजेल असं करता येईल का?’

पॅरललवर नाही येत तसं. दोन्ही फोन एकाच जोडीवर, एकमेकांना बेल कोण देणार? त्याला मध्ये छोटा इंटरकॉमचा डबा लागतो, दोन एक्स्टेन्शनचा.

‘कितीला पडतो?’

लॅमिंग्टन रोडला विचारा, म्हटलं. तारा सोलून नीट बसवल्या, स्क्रू आवळला, तक्रारीवर ‘जुनी घरगुती वायर, जोड सैल’ असा शेरा मारून ती बंद केली आणि ठाकूरद्वारच्या पुढच्या कामाला निघालो. तिथे उंदराने फायबर कुरतडली होती.