गायरानातलं गोल्फ

"आई गं!"

गोल्फच्या मैदानात भोकाभोवती बारीक कापलेल्या गवताचा तुकडा असतो, ग्रीन म्हणतात त्याला. त्याभोवतीची तार ओलांडताना माझी पोटरी तिला लागली आणि तोंडातून निघालं ते अस्सल मराठीत. आजोबा चार पावलं पुढे होते. वळूनही न बघता म्हणाले, "पाय उंच टाक म्हटलं होतं ना." त्यांनी खरंच सांगितलं होतं. माझंच लक्ष समुद्राकडे होतं.

हे आजोबा म्हणजे माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचे वडील. इथे सगळे एकमेकांना नावानंच हाक मारतात, मीही तोंडानं तेच करते, पण मनात ते आजोबाच. राहतात स्कॉटलंडच्या उत्तरेला, सदरलँडमधल्या ब्रोरा गावात. मी इन्व्हरनेसला. तिथून गाडीनं सव्वा तास. ट्रेन मात्र लेर्ग गावाचा वळसा घालत जाते, अडीच तास खाते. मी मुद्दाम ट्रेननं गेले. जूनचा महिना, रात्रीचे साडेदहा वाजले तरी उजेड. घाई कसली?

गोल्फ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे यायचा तो गेटवरचा वॉचमन. आत हिरवंगार, बाहेर आपण. ब्रोराला गेटच दिसेना. क्लबहाउसच्या बाजूनं सरळ चालत गेलं की मैदान, आणि मैदानात पहिल्याच होलवर मेंढ्या. पुढे गाई, वासरांसकट. फेअरवेच्या, म्हणजे ग्रीनपर्यंत नेणाऱ्या गवताच्या पट्ट्याच्या, मधोमध बसून रवंथ चाललेलं. खेळणारे त्यांना वळसा घालून जातात, किंवा थांबतात. गाई काही उठत नाहीत.

कारण हे गायरान आहे. शब्दशः. इथल्या क्रॉफ्टरांचा, म्हणजे छोट्या तुकड्यावर शेती करणाऱ्या कुळांचा, या जमिनीवर सामाईक चराईचा हक्क आहे. क्लब 1891 सालचा. सध्याची आखणी 1923 मध्ये जेम्स ब्रेड यांनी केली. ब्रिटिश ओपन पाच वेळा जिंकलेला माणूस. पण गुरांना त्या पाच जेतेपदांशी काय देणंघेणं! ती ग्रीनवर चढून नाजूक गवत तुडवू नयेत म्हणून अठराही ग्रीनभोवती गुडघ्याइतक्या उंचीवर ती एकेरी तार, बॅटरीवर चालणारी. जिनं मला प्रसाद दिला ती.

अशा किनाऱ्यावरच्या मैदानाला 'लिंक्स' म्हणतात. म्हणजे काय, हे मला आजोबांनी खाली बसून, मूठभर माती उकरून दाखवलं. माती कसली, वाळूच. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधला हा पट्टा. नांगराला निरुपयोगी, म्हणून शतकानुशतकं गुरांना सोडलेला. पाणी लगेच मुरतं, गवत बारीक आणि चिवट, जमीन कडक. पाऊस थांबला की तासाभरात बूट कोरडे. वाऱ्यापासून आडोसा शोधत मेंढ्या जिथे अंग खुपसून बसायच्या, तिथलं गवत झिजून वाळू उघडी पडली आणि त्यांचेच पुढे बंकर, म्हणजे खेळातले वाळूचे खड्डे झाले, असं सांगतात. खेळ नंतर आला, मैदान आधीपासून होतं. मला आपल्या विटीदांडूची आठवण झाली. आपणही मैदान कुठे बांधायचो? गल खणायची आणि सुरू.

म्हणून इथे चेंडू आकाशात उडवण्यात फारशी शान नाही. वारा तो कुठल्या कुठे नेतो. आजोबांचा फटका जमिनीसरपट जातो, उंचवट्यावर आपटतो, उजवीकडे घरंगळतो, आणि मी "चुकला" म्हणेपर्यंत उतारावरून हळूच डावीकडे वळून ग्रीनवर येतो. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी! हँडिकॅप म्हणे बावीस. म्हणजे एकूण फटक्यांतून बावीस वजा करायचे. या एका हिशोबामुळे शनिवारच्या 'मेडल' स्पर्धेत ते सोळा वर्षांच्या पोराशी बरोबरीनं लढतात. मागच्या आठवड्यात त्या पोरानं हरवलं, ते अजून पचलेलं नाही.

पहिले नऊ होल समुद्राच्या कडेनं जातात, नववा अगदी पुळणीला लागून, आणि परतीचे नऊ आतल्या अंगानं, रेल्वेच्या रुळांकडून. वाटेत पिवळ्याधमक गॉर्सच्या काटेरी झुडपांना चक्क खोबऱ्याचा वास येतो. मी दोनदा हुंगून खात्री केली. सहाव्या-सातव्याच्या आसपास डोक्यावर किंचाळत आर्क्टिक टर्न आले. आपल्याकडच्या सुरय पक्ष्यांचे हे भाऊबंद अंटार्क्टिकाकडून इथे येतात, उघड्यावर अंडी घालतात आणि जवळ जाणाऱ्याच्या टाळूवर चोच मारतात. क्लबच्या चिन्हावरही हाच पक्षी. आजोबांनी काठी डोक्यावर उभी धरली. मी छत्री उघडली, तेव्हा ते पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

माझा चेंडू शेणात गेला ते दहाव्यावर. (दोन-चार फटके मलाही मारू दिले होते.) अशा वेळी दंड न लागता चेंडू उचलून, पुसून, बाजूला टाकता येतो, तसा स्थानिक नियमच आहे. उचलायचा कुणी, याबद्दल नियम काही म्हणत नाही. आजोबांनी खिशातून जुनं फडकं काढलं, म्हणाले, "तुमच्याकडे तर याला पवित्र मानतात ना?" मी म्हटलं, "हो, पण ताजं नाही."

परतताना जवळच्या गोल्स्पी गावामागच्या डोंगराचा विषय निघाला. ट्रेनमधून दिसला होता: वर उंच चौथरा, त्यावर सदरलँडच्या पहिल्या ड्यूकचा पुतळा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच घराण्याच्या जमिनीवरून, आतल्या खोऱ्यांमधून हजारो माणसं हाकलली गेली. का? तर तिथे मेंढ्या पाळल्या की जास्त पैसा. माणसांना किनाऱ्यावर आणून टाकलं, तुकडाभर जमीन दिली. 1886 च्या कायद्यानं त्या तुकड्यांवरून पुन्हा कुणी उठवणार नाही एवढी हमी मिळाली. आजोबांचे पूर्वज त्यातलेच. माझं आजोळ कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं. मी ते सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग विचारलं, "चराईची जमीन मिळाली का बदल्यात?" इतका नेमका प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता.

त्यांनी स्वतः गावच्या लोकरीच्या गिरणीत काम केलं. ती बंद पडली, कोळशाची खाण त्याआधीच, 1974 मध्ये. आता डिस्टिलरी आहे, थोडे पर्यटक आहेत आणि हे मैदान आहे. शेणावरून नाक मुरडणारे पाहुणे असतात, मेंबरांमध्येही वाद होतात. "पण मेंढ्या गेल्या तर हे गवत असं राहील का?" असं म्हणत ते अठराव्याच्या चढाला लागले. शेवटचा होल पार तीनचा, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा, तरी लांबलचक, थेट क्लबहाउसच्या खिडक्यांसमोर. आतून बघणारे असतात म्हणून हात थरथरतो म्हणे. त्यांचा चेंडू बंकरमध्ये. खिडकीतून कुणीतरी ग्लास उंचावला.

आत मसूर आणि गाजराचं गरम सूप, जाडसर ब्रेड. दाराशी बूट घासायचे ब्रश, आणि ते का ठेवलेत हे आता मला पक्कं ठाऊक होतं. भिंतीवर लाकडी पाट्यांवर सोनेरी अक्षरांत जुने विजेते. आजोबांनी बोटानं एक साल दाखवलं, काही बोलले नाहीत.

खिडकीशी बसून आईला व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा बाहेर फिरवला. समुद्र नाही, मैदान नाही, तिची नजर नेमकी गेली गाईंवर. "किती छान गं! अंगानं कशा भरल्यात. दूध किती देतात?"

मी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "दुधाच्या नाहीत या."

"काय म्हणतात?" आई.

"वासरंच पितात म्हणे सगळं," मी म्हटलं, आणि कॅमेरा पुन्हा समुद्राकडे वळवला.