पाऊस मोजणीचं पॅकेज: सर्वर वेगळा, क्लायंट वेगळा

फोंड्याच्या घराच्या गच्चीवरचं पर्जन्यमापक आता रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला नीट जोडलंय. आतली छोटी बादली एकदा कलंडली की 0.2 मिमी. सर्वर ती नोंद ठेवतो, क्लायंट आकडे मागून दाखवतो. दोन्ही मी ‘पाऊस’ नावाच्या एकाच पॅकेजात (डेबियन या लिनक्सवर प्रोग्रॅम बसवायच्या गठ्ठ्यात) घातले होते आणि ते चुकलंच.

आकडे बघायला धाकट्या बहिणीनेही तेच पॅकेज लॅपटॉपवर घातलं. परवा त्यावर उघडे पोर्ट दाखवणारं ‘एसएस’ चालवलं, तर 0.0.0.0:7070 वर, म्हणजे सगळ्या नेटवर्कांसाठी खुल्या पोर्ट 7070 वर, आमचा सर्वर ऐकत बसलेला. त्या लॅपटॉपला ना सेन्सर ना काही, आणि तो रोज मडगावला कॉलेजच्या वाय-फायवर जातो! डेबियनमध्ये सर्व्हिसचं (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमचं) पॅकेज बसलं की सर्व्हिस सहसा आपोआप सुरू होते. म्हणून तिथे ही फाळणी फार महत्त्वाची. आर्च या दुसऱ्या लिनक्समध्ये ओपनएसएसएच (दूरच्या संगणकात शिरायचं साधन) एकाच पॅकेजात येतं, पण सर्व्हिस आपण चालू केल्याशिवाय चालत नाही, त्यामुळे तिथे निभावतं.

नमुना म्हणून डेबियनचंच ओपनएसएसएच समोर ठेवलं: सर्वर एक, क्लायंट एक, आणि दोन्ही ओढून आणणारं ‘एसएसएच’ हे रिकामं मेटापॅकेज. सेन्सरचे निरोप पोचवणाऱ्या मॉस्किटोचंही तसंच, निरोप वाटणारा ब्रोकर वेगळा आणि निरोप पाठवायची-ऐकायची (पब-सब) साधनं वेगळी.

शनिवारी पॅकेजांची माहिती देणाऱ्या ‘कंट्रोल’ फाइलमध्ये एकाचे तीन परिच्छेद (सर्वर, क्लायंट, मेटापॅकेज) केले आणि बिल्ड, म्हणजे पॅकेजची बांधणी, पडला. पॅकेज एकच असतं तेव्हा बांधणीचं साधन डेबहेल्पर फायली थेट त्या पॅकेजच्या फोल्डरात टाकतो. एकाहून जास्त झाली की सगळं आधी ‘टीएमपी’ या तात्पुरत्या फोल्डरात जातं, आणि कुठली फाइल कोणाची हे प्रत्येकाच्या ‘इन्स्टॉल’ फाइलमध्ये आपण लिहायचं. कंपॅट 13 मध्ये (डेबहेल्परच्या नियमांच्या तेराव्या पातळीवर) एक जरी फाइल बेवारस राहिली तरी त्याचा ‘डीएच-मिसिंग’ हा तपास बिल्ड थांबवतो. मला ही कडक शिस्त फार आवडली. मॅन पेज (मदतीचं पान) नाहीतर नक्की राहून गेलं असतं.

मग अपग्रेड. पॅकेज बसवणारा डीपीकेजी अडला: ही फाइल ‘पाऊस’ 0.3 मध्येही आहे, तिच्यावर लिहिणार नाही. फाइल एका पॅकेजातून दुसऱ्यात हलवली की नव्या पॅकेजात ‘ब्रेक्स’ (जुन्यासोबत चालत नाही) आणि ‘रिप्लेसेस’ (त्याच्या फायलींवर लिहू शकतो) दोन्ही हवेत, 0.4 पेक्षा जुन्या ‘पाऊस’साठी. दोन ओळी घातल्या, काम झालं.

पण खरी मेख पुढे होती. ‘पाऊस’ आता मेटापॅकेज, म्हणजे अपग्रेडनंतर बहिणीच्या लॅपटॉपवर सर्वर परत हजर. तो आणि मेटापॅकेज काढायला गेलो, तर पॅकेजं सांभाळणारा एपीटी म्हणतो क्लायंटचीही आता गरज नाही, ऑटोरिमूव्ह करा, म्हणजे तोही काढून टाका. बरोबरच आहे, क्लायंट अवलंबन म्हणून आपोआप आलेला. जुन्या पॅकेजचं असं विभाजन करणाऱ्यांनी आधी ‘एपीटी-मार्क मॅन्युअल’ने क्लायंटवर ‘हा मी मुद्दाम बसवलाय’ अशी खूण करावी, मगच बाकीचं काढावं.

सर्वरचं युजर खातं बनवणारी पोस्टइन्स्टही (पॅकेज बसल्यावर चालणारी स्क्रिप्ट) आता फक्त सर्वरकडे आहे. दोघांना लागणारी एकच छोटी फाइल आहे, तिच्यासाठी ‘कॉमन’ नावाचं चौथं पॅकेज मी काढणार नाही.

लॅपटॉपवर 7070 आता मोकळं आहे. क्लायंटने आज सकाळी साडेआठचा आकडा दाखवला: 61.4 मिमी.