वीस म्हणजे किती?

सकाळी साडेआठला जनरेटरचं दूध काढायला घेतलं की आमच्या हॉट लॅबमध्ये, म्हणजे स्कॅनसाठी किरणोत्सारी औषधं तयार करायच्या खोलीत, तासभर कुणी कुणाशी फारसं बोलत नाही. ‘दूध काढणं’ हा आमच्यातला शब्द. जनरेटरमध्ये शिशाच्या आवरणात किरणोत्सारी मॉलिब्डेनम-९९ असतं, त्यातून तयार होणारं टेक्नेशियम-९९एम सलाइनने धुऊन काढायचं. मॉलिब्डेनमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, ६६ तास, म्हणून गाय आठवडाभर पुरते. टेक्नेशियमचं ६ तास, म्हणून दूध त्याच दिवशी संपवायचं.

त्या दिवशी चार बोन स्कॅन होते आणि एक डीएमएसए, म्हणजे मूत्रपिंडांचा स्कॅन. नवे डॉक्टर युरोपात शिकून नुकतेच रुजू झाले होते. त्यांची चिठ्ठी होती ‘डीएमएसए – २०’. मी रजिस्टरात २० उतरवलं. वरच्या चारही ओळींत २०च होतं. मोठ्या माणसाच्या बोन स्कॅनला आम्ही २० मिलिक्युरी देतो; मिलिक्युरी हे किरणोत्साराचं माप. अठरा वर्षांत हा आकडा हातात इतका मुरलाय की डोकं दुसरीकडे असलं तरी पेन तो लिहून मोकळं होतं.

अकराच्या सुमारास आमच्या ज्युनिअरने लेड ग्लासमागून मान वर केली. “ताई, डीएमएसएच्या वायलमध्ये ९च उरलंय. परत मिल्किंग करून नवं किट लावू का?”

तिचं काही चुकत नव्हतं. साडेआठला ३ एमएलमध्ये १२ मिलिक्युरी घातलं होतं, अडीच तासांत त्याचं ९ होणारच. रजिस्टर २० म्हणतंय, मग २० भरायचं. माझ्या मात्र पोटात गोळा आला. पेशंट मी मघाशीच बाहेर बाकावर पाहिला होता. सात महिन्यांचं बाळ, लघवीच्या इन्फेक्शनने सारखं तापणारं. पहाटेच साताऱ्याहून निघालेली आई त्याला खांद्यावर घेऊन बसली होती.

“थांब. सिरिंज खाली ठेव.”

डॉक्टरांना फोन लावला. “मॅडम, मेगाबेक्वेरेल. मी मिलिक्युरीत लिहीतच नाही.”

१ मिलिक्युरी म्हणजे ३७ मेगाबेक्वेरेल. त्यांचं २० म्हणजे आमचं ०.५४. आम्ही ३७ पट भरायला निघालो होतो. डीएमएसए मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थराला जाऊन चिकटतं आणि बराच वेळ तिथेच राहतं, म्हणून तर त्यात जुने व्रण दिसतात. लघवीवाटे निघून जाईल म्हणायचीही सोय नाही.

हा ३७ आकडा रेडियममुळे आला. क्युरी हे एकक मुळात १ ग्रॅम रेडियमवरून ठरलं, सेकंदाला ३७ अब्ज विघटनं. बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला फक्त एक. १९७५मध्ये बेक्वेरेल अधिकृत झालं, तरी आमच्या तोंडी मिलिक्युरीच. सोन्याचा भाव ग्रॅमवर लागतो आणि लग्नघरात बोलणं तोळ्यांत चालतं, तशातली गत. गुणाकार आमच्या ज्युनिअरलाही झोपेत येतो. पण त्या दिवशी गुणाकार कुणाचा चुकला नव्हता, तो करायची वेळच कुणावर आली नव्हती. चिठ्ठीवर एकक नव्हतं आणि मी ते मनाने लावलं. डॉक्टरांना मी दोन शब्द सुनावले खरे, पण रजिस्टरातलं अक्षर माझं होतं.

मग १ एमएलची सिरिंज घेऊन मी स्वतः ०.१८ एमएल ओढलं. सुईच्या टोकाशी बुडबुडा अडकला तरी डोस हलतो, इतकं थोडं. डोस कॅलिब्रेटरच्या, म्हणजे किरणोत्सार मोजायच्या यंत्राच्या, विहिरीत सोडलं, ०.५६ आलं. बटण दाबून एकक बदललं, २०.७. ज्युनिअरला दोन्ही आकडे मोठ्याने वाचायला लावले.

शीर सापडायला दोन प्रयत्न लागले. बाळ रडून लाल झालं. आई सिरिंजकडे बघून म्हणाली, “एवढ्याशा औषधानं दिसंल का ओ समदं?”

“दिसतं. तीन तासांनी फोटो काढू. तोवर दूध पाजा त्याला.”

संध्याकाळी डॉक्टर स्वतः हॉट लॅबमध्ये आले. एकक लिहिलेलं नसेल तर चिठ्ठी घ्यायचीच नाही, असं ठरलं आणि तसा कागद दारावर लागला.

दुसऱ्या दिवशी पहिलीच चिठ्ठी आली आमच्या जुन्या सरांची, ‘बोन – २०’. ज्युनिअरने माझ्याकडे पाहिलं. मी चिठ्ठी वॉर्डबॉयच्या हाती परत पाठवली.