खोदकाम नसल्याचा दाखला

झाड मेले, बुंधा कुजून मातीला मिळाला, तरी ते लावताना घेतलेला खड्डा नाहीसा होत नाही. त्यात भरलेली खतमाती ओल अधिक काळ धरते, त्यामुळे पावसाळ्यानंतर भोवतालचे गवत पिवळे पडू लागले की त्या जागी हिरवे ठिपके मागे राहतात. ते सरळ ओळीत आणि सारख्या अंतरावर असले, तर तेथे मुद्दाम लावलेली रांग होती असे धरायला हरकत नाही. बडोद्यातील एका संस्थानी बागेत मला हे ठिपके टेपने मोजून कागदावर उतरवायचे होते.

बडोद्यात या कामाला चांगला आधार आहे. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या परिसराची आखणी उद्यानरचनाकार विल्यम गोल्डरिंग यांनी केली आणि १८९३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या सेवेत जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगेल आले, जे पुढे बंगळूरच्या लालबागेत गेले. मात्र आखणीतली किती झाडे खरोखर लागली, हे जमिनीलाच विचारावे लागते.

अडले ते परवानगीपाशी. बागेच्या कार्यालयातील छापील अर्जात चित्रीकरण, समारंभ आणि खोदकाम एवढेच रकाने होते. माझे काम यांपैकी कशातच बसत नव्हते, म्हणून लिपिकांनी ते खोदकामात घातले आणि दुसऱ्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला आणायला सांगितले. तेथील साहेबांनी अर्ज वाचला आणि खोदकामच नाही तर दाखल्याची गरज नाही, असे तोंडी सांगून तो परत केला. हे सांगायला मी पुन्हा बागेच्या कार्यालयात गेलो, तेव्हा उत्तर मिळाले, “गरज नाही, असे लेखी आणा.” गरज नसलेल्या दाखल्याबद्दल पत्र देण्याची पद्धत दुसऱ्या कार्यालयात नव्हती. मी या दोन टेबलांमध्ये हेलपाटे घालत होतो आणि इकडे गवत सुकत होते. नियमांचा राग मला नाही. पण मातीला हात न लावणाऱ्या माणसाला खोदणाऱ्याच्या रांगेत उभे करण्याचा अजूनही येतो.

शेवटी एका वयस्कर शिपाईकाकांनी वाट दाखवली. अर्जाच्या शीर्षकातच ‘विनाखोदकाम निरीक्षण’ असे लिहायचे, तो दुसऱ्या कार्यालयात आवक करायचा आणि शिक्का मारलेली प्रत बागेच्या अर्जाला जोडायची. त्यावर लगेच सही झाली. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक मागून घ्यावा, हे मी आता सर्वांना सांगतो.

तोवर बहुतेक ठिपके गेले होते. मग सकाळच्या तिरप्या उन्हात गेलो, कारण भराव बसून झालेले उथळ खळगे तेव्हा सावलीमुळे उठून दिसतात. मुळासकट उन्मळलेल्या झाडाचा खळगा ओबडधोबड असतो आणि एका बाजूला मातीचा उंचवटा दिसतो. तो रांगेत धरू नये. राहिलेल्या झाडांचे वय घेरावरून ठामपणे लिहू नये, कारण घेर पाणी आणि जमीन यांवरही ठरतो. सागाच्या खोडातली वर्षवलये, म्हणजे दरवर्षी वाढणारी कडी, स्पष्ट असतात, आंब्याच्या वलयांवर तसा भरवसा ठेवता येत नाही. परवानगीचा अर्ज मात्र उन्हाळ्यातच द्यावा, म्हणजे हिरवे ठिपके दिसतील तेव्हा सहीचा कागद हातात असेल.