आवलीची वाट

आमच्या घरातून आषाढीला पंढरपूरला पायी कुणी गेलं नाही. ज्येष्ठात तुकोबांची पालखी देहूतून हलते तेव्हा शेतात पेरणीची घाई असते. आमच्या घरची वारी वेगळी आणि छोटी. माघ शुद्ध दशमीला पहाटे देहूतून निघायचं, शेतांच्या बांधांवरून भंडारा डोंगर गाठायचा आणि दर्शन घेऊन सुदुंबऱ्याला उतरायचं. सासूबाईंनी ही वारी एकतीस वर्षं केली, एकदाही चुकवली नाही. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी साथ सोडली. या वर्षी पौषातच त्या मला म्हणाल्या, "वारी घरातली आहे गं, माझी एकटीची नाही. तू जा."

नवमीच्या रात्री त्यांनी मला चुलीशी बसवून घेतलं. ज्वारीच्या पाच भाकऱ्या, मिरचीचा ठेचा, एक कांदा. भाकरी पूर्ण गार झाल्याशिवाय फडक्यात बांधायची नाही, नाहीतर घाम सुटून चिकट होते. गाठ वरच्या बाजूला यायला हवी, म्हणजे चालताना सुटत नाही. "आणि काटा लागला तर बसून काढ. चालता चालता ओढू नकोस, मोडतो."

निगडीहून पहिल्या बसने देहूला उतरले तेव्हा पुरतं उजाडलं नव्हतं. देऊळवाड्यात दर्शन घेतलं आणि पूल ओलांडून येलवाडीच्या बाजूला लागले. पुलाखाली इंद्रायणीवर जलपर्णीचा हिरवा थर होता. या पाण्यात तुकोबांच्या अभंगांची गाथा तेरा दिवस राहिली आणि कोरडी वर आली, असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्या नदीत आज हात बुडवायला मन धजावत नाही, याचं फार वाईट वाटतं.

सांगुर्डीच्या शिवारात डांबरी संपली की खरी वाट सुरू होते. डोंगर इथून समोरच असतो. सगळं अंतर पाच-सहा किलोमीटर असेल, पण बांधावरून चालायला दोन तास सहज लागतात. एका बाजूला उसाचा फड, दुसऱ्या बाजूला हरभरा. माघातल्या पहाटे हरभऱ्यावर दव पडलं की ते आंबट होतं, त्याला आंब म्हणतात. सासूबाईंनी सांगितलं होतं म्हणून पाल्यावर बोट फिरवून जिभेला लावलं. आंबट, खारट आणि थंडगार. पुढे ज्वारी हुरड्यावर आलेली, तिच्यात पाखरं हाकलणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने लांबूनच "रामकृष्णहरी" घातली. मीही हात जोडले. वाटेवर माझ्यासारख्याच पंधरा-वीस बाया होत्या, प्रत्येकीच्या काखेत किंवा डोक्यावर फडक्याची गाठ.

ही वाट आम्ही आवलीची म्हणतो. आवली म्हणजे जिजाबाई, पुण्याच्या गुळव्यांची लेक, तुकोबांची दुसरी बायको. पहिली बायको रखुमाबाई आणि एक मुलगा १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात गेले, सावकारी आणि दुकान बसलं, आणि पुढे तुकोबा भंडाऱ्यावर एकांतात जाऊन बसू लागले. घर मात्र आवलीकडेच राहिलं. मुलं, गुरं, दाणे, आल्यागेल्याचं तोंड. आणि रोज भाकरी घेऊन डोंगर चढायचा, कारण नवरा जेवल्याशिवाय ती स्वतः जेवत नसे.

कीर्तनात आवली आली की माणसं हसायला तयारच बसलेली असतात. कजाग बाई, देवाला शिव्या देणारी, 'काळ्या'च्या नावाने बोटं मोडणारी. मीही लहानपणी त्यात हसले आहे. पण त्या दिवशी पाच भाकऱ्यांचं ओझं घेऊन, अनवाणी, रिकाम्या पोटी ती वाट चालताना माझं मत कायमचं बदललं. मला हे वर्षातून एकदा करायचं होतं. तिला रोज करायचं होतं, आणि घरी परतल्यावर उद्याच्या पिठाची चिंता होतीच. तिने देवाला बोल लावला असेल तर तो तिचा हक्क होता. माझ्या लेखी या वाटेची पहिली वारकरी तीच.

डोंगराचा पायथा लागतो तिथे बाभळी दाट आहेत. वाळलेल्या गवताची कुसळं सलवारीत घुसून टोचत होती, त्यांच्याकडे बघण्याच्या नादात डाव्या टाचेखाली काटा गेला. बाभळीचाच, पांढरा, लांब. सासूबाईंचं सांगणं त्या क्षणी विसरले आणि उभ्यानेच ओढला. तो मोडला.

दगडावर बसले. मागून एक आजोबा येत होते, पांढरा सदरा, गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्का. ते थांबले. "माऊली, पाय द्या इकडं."

"नको बाबा, तुम्ही माझ्या पायाला हात लावू नका."

ते खाली बसलेच होते. बाभळीचा दुसरा काटा मोडून त्यांनी धोतराच्या टोकाला पुसला, माझी टाच मांडीवर घेतली आणि शांतपणे कातडी उकलायला लागले. "या वाटंवर देवानं काढलाय काटा," ते म्हणाले, "मी कोण मोठा लागून गेलो?"

ती गोष्ट इथलीच. भाकरी घेऊन येताना आवलीच्या पायात काटा रुतला, वेदनेने ती खाली बसली, आणि ज्याला तोंडभर शिव्या द्यायची तिला सवय त्याच पांडुरंगाने येऊन तिचा पाय मांडीवर घेतला. तिने तोंड फिरवलं, म्हणतात. तरी त्याने काटा काढला. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेन. माझी स्वतःची धुळीने भरलेली टाच एका अनोळखी वडीलधाऱ्या माणसाच्या पांढऱ्या धोतरावर टेकलेली पाहिली, तेव्हा आवलीने तोंड का फिरवलं ते मला कळलं. रागाने नसणार. इतकी माया समोरून बघवत नाही.

बराचसा काटा निघाला. बारीक टोक आत राहिलं. आजोबा "रामकृष्णहरी" म्हणून पुढे गेले, वर गर्दीत पुन्हा दिसले नाहीत.

डोंगरावर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. माघ शुद्ध दशमी हा तुकोबांना गुरू बाबाजी चैतन्यांचा स्वप्नात उपदेश झाला तो दिवस, त्यामुळे सप्ताह, गाथेचं पारायण आणि पंगती. दर्शन झाल्यावर मी कोरीव लेण्यांच्या बाजूला जाऊन बसले. जुन्या काळी बौद्ध भिक्षूंनी खोदलेल्या या लहान खोल्यांचा गारवा तसाच आहे. खाली इंद्रायणीची वळणं, देहूची घरं, आणि लांबून तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या कंटेनरांचा अखंड आवाज. त्या आवाजातही मागे टाळ ऐकू येत होता.

सासूबाईंची रीत अशी: पहिली भाकरी तुकोबांपुढे, दोन शेजारी बसेल त्याच्या, एक आपली, आणि एक परत घरी. माझ्या शेजारी बसलेल्या बाईने तिची कारळ्याची चटणी माझ्या भाकरीवर ठेवली, मी तिला ठेचा दिला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

सुदुंबऱ्याची उतरण लंगडत केली. तिथे संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. तेलघाण्याचा धंदा करणारा हा चाकणचा माणूस तुकोबांचा टाळकरी झाला आणि त्यांचे अभंग लिहून ठेवले. समाधी देताना संताजींचा चेहरा काही केल्या मातीने झाकेना, तेव्हा दिलेला शब्द पाळायला तुकोबा वैकुंठाहून आले आणि तीन मुठी माती टाकली, अशी कथा आहे. देहूतली वाट सुदुंबऱ्यालाच का संपवायची, हे मी सासूबाईंना कधी विचारलं नव्हतं. समाधीपुढे विचारायची गरज उरली नाही.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. सासूबाई खाटेवर वाट बघत होत्या. परत आणलेली भाकरी हातात दिली, ती त्यांनी कपाळाला लावली. मग माझं लंगडणं बघून म्हणाल्या, "ओढलास ना उभ्यानं?" पळीत गूळ तापवायला लावला आणि मला पाय खाटेवर घ्यायला सांगितलं. गुळाचा चटका टाचेला बसला, डोळ्यांत पाणी आलं. मी पाय मागे घ्यायला लागले तर त्यांनी तो धरून ठेवला.

"थांब," त्या म्हणाल्या. "मला खाली वाकता येत नाही."

आणि वारीहून आलेल्या माणसाच्या पाया पडतात तशा, बसल्या जागेवरून माझ्या धुळीच्या पायांवर त्यांनी कपाळ टेकवलं.