एक दगडी रविवार

सोलापूरची मावशी गुडघे दाखवायला पुण्यात आली होती. शुक्रवारी रात्री बावधनहून तिची लेक, म्हणजे माझी मावसबहीण, जेवायला आली आणि गुडघे मागे पडले. लेकीनं नुकताच क्रिस्टल हीलिंगचा कोर्स केलाय. ताटं उचलायच्या आधीच तिनं पर्समधून लोलक काढला. बारीक साखळीला टांगलेला, खाली टोक असलेला जांभळा खडा. साखळी चिमटीत धरायची, मनात प्रश्न विचारायचा. उजवीकडून फिरला तर हो, डावीकडून फिरला तर नाही.

मावशीनं विचारलं, "ऑपरेशन करू का?" लोलक जरा थरथरला आणि उजवीकडून फिरायला लागला.

"हे तर आपल्या चिंतामणीसारखंच की," मावशी म्हणाली. लेकीचा चेहरा पडला. तिला हे काहीतरी तिबेटी असल्याचं सांगितलं होतं.

तुळजापूरला गेलेल्यांना चिंतामणी माहीत असतो. भवानीच्या देवळातला तो वाटोळा दगड, शकुनवंती असंही म्हणतात. दोन्ही हात त्यावर ठेवून मनातलं विचारायचं. दगड उजवीकडे वळला तर काम होणार, डावीकडे वळला तर नाही, जागचा हलला नाही तर उशीर आहे. मोहिमेआधी शिवाजी महाराज इथे कौल घेत, अशी आख्यायिका आहे. मावशीनं माझ्या लग्नाचं विचारलं होतं तेव्हा तो ढिम्म हलला नव्हता, आणि पुढे मला आठ वर्षं लागली. हा पुरावा ती दर दिवाळीला नव्या माणसांपुढे मांडते.

लेकीला कोर्सवाल्या बाईंनी अपोफिलाइट नावाचा खडा घ्यायला सांगितला होता. तिनं मोबाइलवर फोटो दाखवला: काचेसारखा लख्ख, वर पिरॅमिडसारखं टोक, किंमत तीन हजार दोनशे रुपये. खाली लिहिलेलं, 'पूना, इंडिया'. बावधनच्या बाईनं पुण्याचा दगड कुरिअरनं मागवायचा! मावशी म्हणाली, "रविवारी गाडी काढ. आपण बघून येऊ."

तिला टेकडी चढवणार नव्हती, म्हणून पहाटे मी एकटाच लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूनं वेताळ टेकडीवर गेलो. माथ्यावर वेताळ बसलाय. आमच्याकडे वेताळ म्हणजे भुतांचा राजा, अमावस्येला पालखीतून गस्तीला निघणारा. खेडोपाडी त्याच्याभोवती शेंदूर फासलेल्या दगडांचं रिंगण असतं, ती त्याची फौज. गुरुवार पेठेचं जुनं नावही वेताळ पेठच. रोज सकाळी शेकडो माणसं स्पोर्ट्स शूज घालून ह्या भुतांच्या राजापर्यंत येतात, बूट काढायचा कंटाळा म्हणून बाहेरूनच हात जोडतात आणि घड्याळात पावलं बघत उतरतात.

ह्याच टेकडीवर दामोदर धर्मानंद कोसंबी भटकायचे. गणिताचे प्राध्यापक, पण नजर जमिनीवर. त्यांना इथे बोटाच्या पेराएवढी दगडी हत्यारं सापडली, गारगोटीच्या जातीच्या दगडाची. १९६२च्या पुस्तकात त्यांनी मांडलं की शेंदरी देव बसलेत ते पुष्कळदा जुन्या वाटा एकमेकींना छेदतात तिथे, आणि तशाच जागी ही हत्यारं मिळतात. म्हणजे देवाचं नाव बदलत गेलं असेल, थांबायची जागा जुनीच. मी पण खाली बघत चाललो. मला बाटलीची काच सापडली.

वेताळापासून थोडं पुढे जुनी दगडखाण आहे, आता तिच्यात पाणी साठतं. त्या कड्यासमोर उभं राहिलं की कळतं, ह्या डोंगरातला एक दगड कोणीतरी उचलून बाजूला ठेवला, त्याला तेल-शेंदूर लावला, आणि बाकी डोंगर फोडून शहर बांधलं. बाजूला ठेवलेला दगड दिसायला काही खास नसतो. तांदळा म्हणतात त्याला: हातपाय नाहीत, नाकडोळे नाहीत, छिन्नी लागलेली नाही. त्याच्या अंगावर फक्त पुटं चढत जातात. कसबा गणपतीची मूर्ती मुळात तांदळाच्या दाण्याएवढी होती आणि शेंदरानं वाढत साडेतीन फूट झाली, असं सांगतात. शेंदूर शिशाचा असतो, तेलात कालवला की घट्ट बसतो, म्हणून ही वाढ निदान चढत्या दिशेची असते.

खाली येऊन मावशीला घेतलं आणि जुन्या बाजाराकडे निघालो. वाटेत ओंकारेश्वराजवळचा विठ्ठल रामजी शिंदे पूल लागला. २० ऑगस्ट २०१३ला सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना इथे गोळ्या घातल्या. त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. मावशीनं पुलावर काच खाली घेतली आणि पूल संपेपर्यंत काही बोलली नाही.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. पाने-पक्कड, फुटके फोन, पितळी समया आणि मधेच एका चादरीवर खडे. लाल म्हणजे माणिक, हिरवा म्हणजे पाचू, पिवळा पुष्कराज, निळा नीलम, अशी सरळ वाटणी. शनीचा नीलम घ्यायचा तर आधी तीन रात्री उशाखाली ठेवायचा, वाईट स्वप्न पडलं तर परत आणायचा. दुकानदारानं हे मला सांगितलं. परत घेणार का, हे नाही सांगितलं.

मी मागे एका दुकानातून मावशीला स्फटिकाची माळ आणून दिली होती, दुकान चांगलं काचेच्या दाराचं. ती माळ मावशीनं आज मुद्दाम आणली होती. चादरीवरचा एक खरा वाटणारा मणी उचलून तिनं एका गालाला लावला, माझी माळ दुसऱ्या गालाला.

"हा गार आहे. तुझा नाही."

स्फटिक गालाला गार लागतो आणि बराच वेळ गार राहतो, काच पटकन कोमट होते. मी माळ उन्हात धरली तर तिसऱ्याच मण्यात मोहरीएवढा हवेचा बुडबुडा. मग चादरीवरच्या मण्यानं माझ्या माळेवर ओरखडा काढून बघितला, निघाला. स्फटिक काचेवर रेघ मारतो. तेराशे रुपये गेले. मावशी दोन वर्षं काचेवर जप करत होती, आणि त्याचं तिला काहीच वाटलं नाही. "जप मी केला की, मण्यांनी केला?" शेजारी कोणी काळा गुळगुळीत गोटा शाळिग्राम म्हणून विकत होता. तिनं उलटापालटा करून विचारलं, "ह्याला चक्र कुठंय?" खरा शाळिग्राम गंडकी नदीतला, आणि त्यातलं चक्र म्हणजे समुद्रातल्या एका जुन्या प्राण्याच्या शंखाचा जीवाश्म. हिमालयाच्या जागी समुद्र होता तेव्हाचा. विकणाऱ्यानं गोटा निमूट परत ठेवला.

नगर रस्ता रविवारीही नगर रस्ताच असतो. वाघोलीला पोचेपर्यंत मावशीनं 'बोल्हाईचे मटण' अशा चार पाट्या मोजल्या. वाघोलीच्या पुढे वाडेबोल्हाई आहे. तिथल्या देवीच्या भक्तांना बोकड चालत नाही, मेंढीच लागते, म्हणून पुण्यात मेंढीच्या मटणाचं नावच बोल्हाईचं.

आपण ज्यावर उभे आहोत तो काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पावात असतात तसे. पुढे खडकातून गरम पाणी झिरपत राहिलं आणि त्या पोकळ्यांत स्फटिक वाढले. अपोफिलाइट, स्टिल्बाइट, कॅल्साइट. पाषाण गावाच्या टेकडीतलं हिरवं अपोफिलाइट जगभरच्या संग्रहांत आहे. गावाचं नावच पाषाण, आणखी काय पाहिजे! वाघोलीच्या खाणींत कॅव्हनसाइट मिळतं, मोरपिसाच्या निळ्याचं. ते पहिल्यांदा सापडलं अमेरिकेत ऑरेगॉनला, १९६०च्या दशकात, पण त्याचे सर्वांत देखणे नमुने वाघोलीचे. पांढऱ्या स्टिल्बाइटवर वाटाण्याएवढे निळे गोळे, जवळून पाहिलं तर प्रत्येक गोळा सुयांचा. संग्रहालयात पाहिलाय तेव्हा काच ओलांडून हात लावावासा वाटला होता.

खाणीत शिरायची परवानगी नव्हतीच. बाहेर एका बांधकामाशेजारी खडीचा ढीग होता. रखवालदार म्हणाला, घ्या हवं ते, दगडच आहे. आम्ही अर्धा तास उकरलं. म्हणजे मी उकरलं, मावशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून "तो नको, तो बघ" करत होती. शेवटी मुठीएवढा एक तुकडा सापडला, एका बाजूला क्रशरनं फोडलेली पोकळी. आत नखाएवढे पाणीदार स्फटिक, एकाला चौकोनी अंग आणि वर चार पाखांचं टोक. लेकीच्या फोटोतला तीन हजार दोनशेचा चुलतभाऊ. सरळ चाकूनं ओरखडा निघेल इतका मऊ, आणि आडवा टिचकला की सपाट पापुद्रा सुटतो. त्याच्या आत पाणी बांधलेलं असतं. तापवला की पाणी जातं आणि पानं झडावीत तसे पापुद्रे निघतात, म्हणून ग्रीकमध्ये त्याचं नाव तसं पडलं.

मावशीनं तो उन्हात फिरवून बघितला. "देखणा आहे. पण ह्यात देव नाही. असता तर फोडला असता होय ह्यांनी?"

तिथून खेड-शिवापूर म्हणजे शहराचं दुसरं टोक. कात्रजचा बोगदा ओलांडून सातारा रस्त्याला कमर अली दरवेशांच्या दर्ग्यावर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. इथला दगड प्रसिद्ध आहे. वाटोळा, अंगानं गुळगुळीत. वजन कोणी ७० किलो म्हणतं, कोणी ९०. अकरा जणांनी भोवती वाकायचं, तर्जनीचं टोक खाली लावायचं, दरवेशांचं नाव एका श्वासात मोठ्यानं घ्यायचं आणि दगड वर जातो. बायकांना हात लावू देत नाहीत. मावशी झाडाखाली बसली. "जा, तू लाव बोट. मी आपली चिंतामणीवाली."

नऊ जण जमले होते, दहावा मी, अकरावा एक शाळकरी मुलगा. पहिल्या खेपेला नाव अर्ध्यावर असताना पोरगं हसलं आणि दगड एका बाजूला कलून खाली बसला. माझं बोट थोडक्यात वाचलं. दुसऱ्या खेपेला सगळ्यांनी श्वास घेतला, नाव सुरू झालं, आणि शेवटच्या अक्षरांच्या आत दगड माझ्या छातीपर्यंत आला होता. बोटाला ओझं जाणवलं नाही. खरंच नाही. मग धप्पकन खाली, सगळे उड्या मारून मागे.

गाडीत बसल्यावर मी हिशेब केला. ९० भागिले अकरा, आठ किलोच्या वर थोडं. पाण्याची भरलेली कळशी बोटावर उचलतो त्यात एवढं काही जगावेगळं नाही, अट एकच: अकराही जणांनी एकाच क्षणी उचललं पाहिजे. तो क्षण ते नाव आणून देतं. १८५३ साली इंग्लंडात लोक टेबलाभोवती बसून आत्मे बोलवायचे आणि टेबल फिरायचं. मायकेल फॅरडेनं हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्यांचे थर मऊ डिंकानं चिकटवून ठेवले. टेबल हात ओढत असतं तर खालचा थर आधी सरकला असता. सरकला वरचा. माणसंच ढकलत होती आणि प्रामाणिकपणे म्हणत होती की आम्ही नाही. चिंतामणी काय, लोलक काय, त्याच घरचे.

हे सगळं मी मावशीला खेड-शिवापूरच्या टोलनाक्यापासून स्वारगेटपर्यंत समजावलं. ती ऐकून म्हणाली, "म्हणजे ऑपरेशन करायचं मीच ठरवलं होतं म्हण की."

घरी आल्यावर मला शिंका सुरू झाल्या, खडीची धूळ. मावशीचं निदान वेगळं: एवढ्या माणसांत छातीपर्यंत दगड उचललास, नजर लागली. मीठ, मोहरी, लाल मिरच्या आणि तुरटीचा सुपारीएवढा खडा तिनं मुठीत घेतला, डोक्यापासून पायापर्यंत तीनदा उतरवलं, आल्यागेल्याची, पाहुण्याराहुळ्याची असं पुटपुटत. मग तुरटी जुन्या तव्यावर. आधी कडेनं पाझरली, मग आतून उकळल्यासारखी होत फुगायला लागली, पांढरी, लाहीसारखी, मूळ खड्याच्या दुप्पट-तिप्पट. तुरटीच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे बारा रेणू बांधलेले असतात, ते वाफ होऊन निघतात आणि जाताना तिला फुगवतात. सकाळपासूनचा हा दुसरा पाणीवाला स्फटिक, आणि किराण्याच्या दुकानात वीस रुपयांना मिळणारा.

फुगून थंड झालेल्या तुरटीत नजर लावणाऱ्याची आकृती दिसते. मावशीनं तवा ट्यूबलाइटखाली धरला. बहीणही वाकली, लोलक बाजूला ठेवून. एका बाजूला उंचवटा, दोन खड्डे, खाली फाटलेलं तोंड.

"ते हसणारं पोरगं," मावशी म्हणाली.

मी तिला पोराबद्दल सांगितलं होतं का, मला आठवेना. सांगितलं असणार.

तुरटी खरं तर तिठ्यावर टाकायची. आमच्या सोसायटीच्या तिठ्यावर कॅमेरा आहे. मावशी तवा घेऊन स्वयंपाकघरातल्या दोन बादल्यांसमोर उभी राहिली, हिरवी आणि निळी.

"अरे, ही ओल्यात टाकू की सुक्यात?"

बाराच्या बारा गेले होते. मी म्हटलं, सुक्यात.