पाच वर्षांत एकतीसशे किलोमीटर

मीटरवर ३,१०८ किलोमीटर आणि गाडीचं वय पाच वर्षं. पहिला नंबर आलेल्या पोराचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसा काकांनी मला तो आकडा दाखवला. काका म्हणजे गाडीचे मालक, सत्तरीला टेकलेले, बोलायला मृदू, हाताला कायम एक पिवळं फडकं. गाडीवर मऊ कापडाचं आच्छादन, बॅटरीला चोवीस तास लावलेला छोटा चार्जर. मी विचारलं, "काका, चालवत नाही का?"

"चालवली तर संपते ना," ते म्हणाले.

या एका वाक्याशी मी पुढचे दोन महिने भांडत होतो.

गाडी बीएमडब्ल्यूची एम२ सीएस, म्हणजे एम२ या छोट्या वेगवान गाडीची आणखी तेज आवृत्ती. २०२० साली आली आणि जगभरासाठी मिळून फक्त २,२०० बनवल्या. सहा सिलिंडर एका ओळीत, तीन लिटर, दोन टर्बो, ४५० हॉर्सपॉवर, सगळी ताकद मागच्या चाकांना. छत आणि बोनेट कार्बन फायबरचं. आणि काकांची होती ती सहा गिअरची मॅन्युअल. हीच गाडी डबल क्लच ऑटोमॅटिकमध्येही (क्लच गाडीच सांभाळते, पायाला पेडल नाही) मिळायची, आणि कंपनीच्याच आकड्यांनुसार ती शून्य ते शंभर चार सेकंदांत गाठते; मॅन्युअलला ४.२ लागतात. माझ्या मित्राने हे ऐकून कपाळाला हात लावला. "म्हणजे तू जास्त पैसे मोजून हळू गाडी घेणार, वर पायाला काम लावून घेणार?"

त्याला लगेच उत्तर सुचलं नाही. "मजा असते रे" हे काही उत्तर नव्हे. म्हणून मी ठरवलं, मजा मोजायची.

माझी रोजची गाडीही मॅन्युअलच आहे, साधी. एका संध्याकाळी गर्दीच्या वेळी मुलीला शेजारी वही-पेन देऊन बसवलं. मी क्लच दाबला की तिने एक रेघ मारायची. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. निघताना तीच म्हणाली, "बाबा, मजा आली तर सांगा, मी त्या रेघेला गोल करते." चाळीस मिनिटांत १८७ रेघा झाल्या. गोल चार. उरलेल्या सगळ्या म्हणजे हाफ क्लचवर गाडी मुंगीच्या पावलांनी पुढे ढकलणं, थांबणं, परत तेच. घरी आल्यावर डावा गुडघा चोळत बसलो.

पुढच्या रविवारी पहाटे तीच गाडी, तीच वही, पण रस्ता मोकळा आणि वळणांचा. ६१ रेघा, ३८ गोल. वळणाच्या आधी तिसऱ्यातून दुसरा पाडताना ॲक्सिलरेटरला किंचित टोला द्यायचा, इंजिनचा वेग वर आणायचा आणि क्लच सोडताना गाडीला हिसका बसू द्यायचा नाही, हे जमलं की आपसूक "गोल!" तोंडातून निघायचं. बीएमडब्ल्यूच्या नवीन मॅन्युअल एम गाड्या हा इंजिनचा वेग (आरपीएम) जुळवण्याचा उद्योग स्वतःच करतात, ही एक गंमतच. ज्या कामासाठी क्लच हवा तेच काम संगणक करून टाकतो.

वहीने एवढं मात्र स्पष्ट केलं की रोज वापरायला मला असली गाडी नकोय. हवी ती पहाटेसाठी. म्हणजे खर्च निव्वळ हौसेचा, त्याला "रोज कामाला येईल" असा सदरा घालून बायकोपुढे उभं करता येणार नाही.

मग आला "मर्यादित आवृत्ती" हा शब्द. मधला दलाल दर फोनला एकदा तरी म्हणायचा, "साहेब, परत होणार नाही अशी गाडी." मी थोडं मागचं चाळून पाहिलं. पोर्शेने २०१३ साली ९११ जीटी३ फक्त ऑटोमॅटिक डबल क्लचमध्ये आणली. क्लचवाले नाराज झाले. २०१६ साली कंपनीने ९११ आर काढली, फक्त मॅन्युअल, ९९१ गाड्या. घेणाऱ्यांची झुंबड उडाली, हातोहात विकणाऱ्यांनी वाट्टेल ते भाव लावले. आणि २०१७ मध्ये काय झालं? नव्या जीटी३ला मॅन्युअल परत मिळाला, गिनतीची अट न घालता. आरच्या भावातली बरीच हवा निघाली. ती गाडी काही रातोरात वाईट झाली नव्हती. ज्यांनी ती चालवायला घेतली होती त्यांचं काहीच बिघडलं नाही, ज्यांनी झाकून ठेवली होती त्यांची झोप उडाली.

उलट उदाहरणही बीएमडब्ल्यूचंच. २०११ची १ सीरिज एम कूपे. आधी २,७०० बनवायचं ठरलं होतं, मागणी पाहून बनवल्या ६,३०९. दुपटीहून जास्त. तरी आज त्या गाडीला लोक डोक्यावर घेतात, कारण ती चालवायला तशी आहे. थोडक्यात, कंपनीने छापलेली संख्या ही काही दगडावरची रेघ नसते.

दलालाचं दुसरं पालुपद, "शेवटची मॅन्युअल", हेही अर्धंच खरं. फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयचा मॅन्युअल गेला. २०२५ची नवी एम२ सीएस फक्त ऑटोमॅटिकमध्ये आली. पण साधी एम२ मॅन्युअलमध्ये मिळते, आणि टोयोटाने २०२२ साली जीआर कोरोला आणली ती फक्त मॅन्युअलच. वस्तू कमी होतेय हे कबूल. उद्या सकाळी दहा वाजता संपतेय असं नाही. घाईने सही करायचं कारण तिथे संपलं.

गाडी तपासायला आमच्या मेकॅनिकला घेऊन गेलो. तो प्रगतिपुस्तकावर भाळणारा माणूस नाही. त्याने पहिल्यांदा टायरवर बोट ठेवलं. टायरच्या कडेला एका लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे. इथे २३२०. म्हणजे २०२० सालचा तेविसावा आठवडा, गाडीसोबत आलेलेच टायर. खाचा नव्यासारख्या खोल, पण नखाने दाबलं तर रबर लाकडासारखं. "हे पावसात साबण होणार," तो म्हणाला. या गाडीचे टायर मुळातच ट्रॅककडे झुकणारे, थंडीत आणि ओल्यात रुसणारे. त्यात इतके जुने.

मग त्याने रंगाची जाडी मोजायचं यंत्र काढलं. दारावर, मडगार्डवर आकडे येत गेले. छतावर टेकवलं तर काहीच नाही. बोनेटवरही नाही. यंत्र बिघडलं म्हणून त्याने हातावर आपटलं. मग माझ्या लक्षात आलं, ते धातूवरच चालतं आणि हे कार्बन फायबर! ज्या दोन भागांची किंमत सर्वात जास्त, तिथे मोजायची सोयच नाही. तिथे त्याने विजेरी तिरकी धरून डोळ्यांनीच पाहिलं.

काका दर रविवारी गाडी दहा मिनिटं जागेवर चालू ठेवायचे. त्यांना वाटायचं, काळजी घेतोय. मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. उभ्या गाडीत दहा मिनिटांत तेल नीट तापत नाही. आत धरलेला ओलावा आणि तेलात उतरलेलं पेट्रोल उडून जायला तेल चांगलं तापावं लागतं, नाहीतर ते तिथेच राहतं. त्यापेक्षा महिन्यातून एकदा तासभर चालवणं बरं. ब्रेकचं तेलही हवेतला ओलावा शोषतं, त्याला किलोमीटरशी देणंघेणं नसतं. तेही पाच वर्षांपूर्वीचंच. म्हणजे एकतीसशे किलोमीटरची गाडी, पण टायर, इंजिनचं तेल, ब्रेकचं तेल सगळं बदलायचं. कमी चाललेली गाडी म्हणजे नवी गाडी नव्हे, हे मी तोपर्यंत कधी नीट समजून घेतलं नव्हतं.

क्लच ठीक निघाला. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहिलं: आरपीएम एकटेच वर पळाले तर क्लच सरकतोय. इथे वेग आणि काटा हातात हात घालून चढले. पेडल दाबल्यावर बेअरिंगचा किरकिराट नाही. थंड गाडीत दुसरा गिअर जरा अडला, तेल तापल्यावर लोण्यात सुरी.

त्या चाचणीला काका शेजारी बसले होते, बायको मागे. आरपीएमचा काटा चार हजारांकडे गेला की त्यांचा हात नकळत डॅशबोर्डवर जायचा. या इंजिनची मजा साडेसात हजारांपर्यंत आहे. मी विचारलं, "काका, तुम्ही कुठपर्यंत नेलीय?" म्हणाले, "चार हजार. त्यापुढे कधी नाही. एकदा वाटलं होतं, पण रस्त्यावर खडी होती." परत आल्यावर त्यांनी खाली वाकून चाकाच्या मागचा भाग पिवळ्या फडक्याने पुसला. मला त्या वाकलेल्या पाठीत मीच दिसलो, वीस-पंचवीस वर्षांनंतरचा. दलालाला मी त्याच संध्याकाळी नाही म्हणून कळवलं.

मग शहाण्या माणसासारखी साधी एम२ कॉम्पिटिशन पाहिली. तेच तीन लिटरचं इंजिन, इथे ४१० हॉर्सपॉवर, तोच सहा गिअरचा बॉक्स. साठ हजार चाललेली. गिअरच्या मुठीवरचं चामडं इतकं गुळगुळीत की त्यात दिव्याचं प्रतिबिंब पडत होतं. दोन्हींच्या किमतीतल्या फरकात आणखी एक बऱ्यापैकी छोटी गाडी आली असती. गिअर पडताना हाताला डोळे मिटून फरक कळला नसता. इथे गोष्ट संपायला हवी होती, नाही का? साधी घेतली आणि सुखाने चालवली.

पण बायको सोबत होती. खराब रस्ता लागला आणि ती म्हणाली, "ती दुसरी गाडी इतकी आपटत नव्हती." मी आधी उडवून लावलं. मग पाहिलं तर तिचं बरोबर. कॉम्पिटिशनचं सस्पेन्शन एकाच कडकपणाचं आहे. सीएसला हवं तसं मऊ-कडक होणारे शॉक ॲब्सॉर्बर दिलेत. म्हणजे ट्रॅकसाठी म्हणून काढलेली गाडी खड्ड्यात जास्त सुसह्य! नुसता बिल्ला आणि सोनेरी चाकं असती तर सोडून देणं सोपं होतं. इथे गाडी खरोखरच बरी होती, आणि माझी पंचाईत झाली.

त्या रात्री आम्ही दोघांनी हिशोब मांडला, पण जरा वेगळ्या तऱ्हेने. लोक विचारतात, पुढे विकताना किती येतील? आम्ही धरून चाललो की "सीएस" या दोन अक्षरांचे जास्तीचे पैसे घेतल्या दिवशीच गेले. पुढे विकली तर साध्या, भरपूर चाललेल्या एम२चा भाव येईल, एवढंच. हे नुकसान घराला झेपतं का? मुलीच्या शिक्षणाला, आजारपणाच्या शिलकीला हात न लावता? दोनदा आकडे फिरवले. झेपत होतं, जेमतेम. मग तिने विचारलं, "बोनेटवर पहिला खडा बसेल त्या दिवशी काय करशील?"

मी खोटं बोललो नाही. म्हटलं, "दोन दिवस वाईट वाटेल."

"दोनच ना? मग घे." आणि थोडं थांबून, "त्या गाडीत मधे हात टेकायला काहीच नाही रे. आर्मरेस्ट काढून टाकलाय. हात ठेवायचा कुठे?"

"गिअरवर."

काकांना स्वतःच फोन केला. टायर आणि सगळी तेलं बदलायचा खर्च किमतीतून वजा करायला ते दोन दिवस तयार नव्हते. तिसऱ्या दिवशी झाले. किल्ली देताना फडकंही दिलं. विम्यात गाडीची ठरलेली किंमत आधी लेखी नोंदवून घेतली, कारण नेहमीच्या घसाऱ्याच्या गणिताने साध्या एम२इतकीच भरपाई हातात पडली असती.

खडा अकराव्या दिवशी बसला. बोनेटच्या पुढच्या कडेला, तांदळाच्या दाण्याएवढा. वाईट वाटलं, चार दिवस.

परवा काकांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, तब्येत, गुडघे. मग विचारलं, "किती झाले?"

"सात हजार चारशे, काका."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं, रागावले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "चार हजारांच्या वर नेली का हो?"

"नेली. तेल नीट तापल्यावर, सात हजारांपर्यंत."

"कसा येतो आवाज?"

मी सांगायला गेलो आणि मला ते सांगता येईना. म्हटलं, "काका, रविवारी पहाटे साडेपाचला तयार राहा. मी येतो."

"मी शेजारी बसणार?"

"नाही," मी म्हटलं, "बूट पातळ तळाचे घाला. क्लच जरा वरच पकडतो."